निरंक असल्यास तसे कळवावे

(प्राथमिक शिक्षिका आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्या एकत्रित शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी एका अगदी साध्या कागदाविषयी बोलणार आहे. प्राथमिक शाळेतल्या कर्मचाऱ्यांना आठवडाभर वरून ज्या सूचना आणि जी स्मरणपत्रे येत असतात, तो हा कागद. इथे बसलेल्या शिक्षिका आत्ताच एकमेकींकडे बघून हसल्या. ज्या शिक्षिका नाहीत त्यांना मात्र वाटत असेल, की हा शिक्षकांच्या संघटनेचा विषय झाला, स्त्री-चळवळीचा इथे काय संबंध? तो संबंध तुमच्यापुढे मांडावा, एवढ्यासाठीच मी उभी आहे.

ही सूचना शाळेपर्यंत येते कशी, ते आधी पाहू. मंत्रालयातून शासन निर्णय निघतो. तो शिक्षण संचालनालयाकडे जातो, तिथून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग विस्तार अधिकारी, मग केंद्रप्रमुख आणि शेवटी मुख्याध्यापक. या उतरंडीत प्रत्येक जण खालच्याला कळवतो आणि प्रत्येक पायरीवर मुदत थोडी कमी होते. वरून निघताना पंधरा दिवसांची असलेली मुदत शाळेत पोचेपर्यंत 'आज सायंकाळी पाचपर्यंत' एवढीच उरते. पूर्वी हे सारे टपालाने येत असे. तालुक्याला गेलेले कुणी गुरुजी आठवड्याचे टपाल घेऊन येत, सूचनावहीत ते चिकटवले जाई आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या होत. त्यातही जाच होताच. पण सूचनेला तारीख होती, जावक क्रमांक होता, खाली सही होती. कोणी काय सांगितले ते उद्या दाखवता येत होते.

आता सूचना फोनवर येते. रात्री साडेनऊला येते आणि रविवारीही येते. पुष्कळदा तिला जावक क्रमांक नसतो आणि सहीही नसते. 'अत्यंत तातडीचे', 'प्रथम प्राधान्य', 'विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील' ही जुन्या टपालातली वाक्ये मात्र जशीच्या तशी राहिली आहेत. आठवड्याचे टपाल दिवसाचे झाले, दिवसाचे तासाचे झाले.

एका आठवड्यात काय काय येते, हे शाळेबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते. शालेय पोषण आहाराची संख्या रोज भरा. युडायस प्लसमधली विद्यार्थ्यांची माहिती पूर्ण करा. आधारमधले नाव आणि दाखल-खारीज नोंदवहीतले नाव जुळत नसेल तर दुरुस्त करून घ्या. शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण करा. जंतनाशक गोळ्या दिल्याचा अहवाल पाठवा. शिष्यवृत्तीचे अर्ज भरा. असाक्षरांची यादी द्या. मतदार यादीचे काम करा. झाडे लावल्याचे फोटो टाका, दिन साजरा केल्याचे फोटो टाका, प्रतिज्ञा घेतल्याचेही फोटो टाका. आणि बहुतेक सूचनांच्या शेवटी एक वाक्य असते, 'निरंक असल्यास तसे कळवावे.' निरंक म्हणजे कळवण्यासारखे काही नाही. या शब्दाकडे मी नंतर येते.

या सगळ्या सूचना निरुपयोगी आहेत, असे मी मुळीच म्हणणार नाही. शिष्यवृत्तीची तारीख चुकली तर एका मुलीचे वर्षाचे पैसे बुडतात. गोळ्यांचा दिवस विसरला तर मुले तशीच राहतात. स्मरण हवेच. माझा प्रश्न एवढाच, की स्मरण कोणाला दिले जाते, कोणाच्या वेळात दिले जाते आणि कोणत्या गोष्टीचे कधीच दिले जात नाही?

पहिल्यांदा वेळेचे बघू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाचा आठवडा मोजून दिला आहे. शिकवण्याची तयारी धरून आठवड्याला किमान ४५ तास. पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने सांगितले, की दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसऱ्या कुठल्याही अशैक्षणिक कामाला शिक्षकांना जुंपायचे नाही. २०२४ साली राज्य सरकारने शैक्षणिक कामे कोणती आणि अशैक्षणिक कोणती, याचे वर्गीकरण करणारा निर्णयही काढला. कागदावर मर्यादा आहे. पण आठवड्याच्या सूचनांचे तास त्या ४५ मध्ये कोणी धरत नाही. फोनवर येणारे काम 'फक्त माहिती भरायची' असते, म्हणून ते काम मानलेच जात नाही.

हे तुम्हाला ओळखीचे वाटत नाही का? पाणी भरणे, निवडणे-टिपणे, म्हाताऱ्यांचे औषधपाणी ही सगळी कामे 'त्यात काय एवढे' या खात्यात जातात. घरात जे चालते तेच शाळेच्या दारातून आत आले आहे. पन्नास वर्षे आपण घरकामाच्या न मोजलेल्या तासांबद्दल बोलतो आहोत. शाळेतल्या न मोजलेल्या तासांनाही आता तोच हिशेब लावायला हवा.

कोणी म्हणेल, हा त्रास गुरुजींनाही आहेच की. आहे. पण रात्री साडेनऊला सूचना येते तेव्हा गुरुजी बहुधा जेवून बसलेले असतात, आणि बाईंच्या ओट्यावर उद्याची कणीक, सासूबाईंचे दूध आणि मुलाचा गृहपाठ शिल्लक असतो. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला, की मतदार यादीचे काम शिक्षकांना सुटीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावे. मुलांचा तास बुडू नये हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे, की सुटीचा दिवस रिकामा असतो. बाईचा रविवार कधी रिकामा होता? आठवड्याचे धुणे, दळण, पाहुणे, आजारपण सगळे तिने त्याच दिवसावर ढकललेले असते. त्यावर दारोदार फिरून यादी तपासण्याचे काम आले, की तिच्याकडे विश्रांतीचा एक तासही राहत नाही.

शाळेच्या आतही विभागणी आहेच. कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. अशा दोन शिक्षकांच्या शाळा खेडोपाडी आहेत. एक गुरुजी आणि एक बाई असतील, तर सूचनांची वाटणी कशी होते ते बघा. तालुक्याची बैठक, प्रशिक्षण, हिशेब, साहेबांशी बोलणे हे गुरुजींकडे. खिचडी, स्वच्छता, मुलींच्या अडचणी, पाहुण्यांचा चहा आणि दिन साजरा करताना काढायची रांगोळी हे बाईंकडे. तसा आदेश कुठेही लिहिलेला नसतो. वरून आलेल्या सूचनेवर 'मुख्याध्यापक' एवढेच लिहिलेले असते, पण त्यातले कोणते वाक्य कोणाच्या अंगावर पडणार हे आधीच ठरलेले असते. अपवाद आहेत. एकट्या बाईने शाळा चालवून सगळी दप्तरे चोख ठेवल्याची उदाहरणे इथेच बसली आहेत. पण त्या बाईंना साहेब 'तुमचे मिस्टर मदत करतात का हो?' असे विचारतात. हा प्रश्न गुरुजींना कोणी विचारत नाही.

आता त्या स्त्रीकडे वळते, जिला सूचना तर आहेत पण जी या गटात नाही. ती म्हणजे शाळेत खिचडी शिजवणारी बाई. १५ ऑगस्ट १९९५ ला पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो धान्य दिले जाई. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. तेव्हापासून देशभरच्या शाळांमध्ये लाखो बायका चुलीपुढे बसल्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण ठरलेले आहे. ते प्रमाण पातेल्यात उतरवणारी ती. केंद्र सरकारने २००९ साली तिचे महिन्याचे मानधन १००० रुपये ठरवले, आणि तेही वर्षातले दहा महिने. महाराष्ट्राने त्यात भर घालत घालत २०२३ साली ते २५०० रुपयांवर नेले. याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. वेतन म्हटले की किमान वेतनाचा प्रश्न येतो, रजा येते, निवृत्ती येते. 'मान' आणि 'धन' या दोन शब्दांत हे सगळे टाळता येते.

तिला सूचना किती? केस बांधा, नखे कापा, तांदूळ निवडा, भांडी झाका, आरोग्य तपासणीचा दाखला आणा. यातली एकही अयोग्य नाही. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारमधल्या एका प्राथमिक शाळेत विषारी जेवणाने २३ मुले दगावली. ते लक्षात ठेवले तर चव घेऊन नोंदवहीत सही करण्याचा नियम किती गरजेचा आहे हे कळते. पण या बाईचे मानधन महिना-दोन महिने आले नाही, तर त्याचे स्मरणपत्र कोण कोणाला पाठवते? शाळेने एक दिवस आकडा भरला नाही तर दुपारी फोन येतो. मानधन भरले नाही म्हणून वर कोणाला फोन जात नाही. स्मरणपत्राला उतरणीचा रस्ता माहीत आहे, चढणीचा नाही.

आता निरंक.

आपल्याकडे शाळाशाळांत सखी सावित्री समित्या असाव्यात, असा राज्य सरकारचा निर्णय १० मार्च २०२२ चा आहे. शाळा, केंद्र आणि तालुका अशा तीन पातळ्यांवर या समित्या. मुलींची सुरक्षितता, गळती, बालविवाह ही सारी त्यांची कामे. कल्पना उत्तम आहे. दोन वर्षांनी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, बदलापूरच्या एका शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले आणि लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर लगेच सरकारने शाळांना पुन्हा सूचना काढल्या. कॅमेरे लावा, तक्रारपेटी ठेवा, सखी सावित्री समिती स्थापन करा. म्हणजे जी समिती आधीच असायला हवी होती तिचे हे स्मरणपत्र होते.

या सूचना शाळेत पोचल्या की त्यांचे काय होते? समितीची यादी तयार होते, फलक लागतो, फलकाचा फोटो जातो. मग दर महिन्याला तक्ता येतो, 'प्राप्त तक्रारींची संख्या'. आणि मुख्याध्यापक लिहितात, निरंक. खालून निरंक, केंद्रात निरंक, तालुक्यात निरंक. प्रत्येक पायरीवर सुटकेचा निःश्वास. एखाद्या शाळेने 'एक' असे लिहिले तर काय होईल? चौकशी लागेल, पत्रकार येतील, गावाचे नाव जाईल आणि कळवणाऱ्या बाईचीच बदली होईल, ही भीती. माझ्या नोकरीच्या काळात एका शाळेत एका मुलीने तिच्या बाईंना काही सांगितले, तेव्हा वरचा पहिला प्रश्न 'मुलगी कशी आहे?' हा नव्हता. 'हे लेखी कशाला दिले?' हा होता.

म्हणून सांगते, हे नीट लक्षात ठेवा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. केंद्रप्रमुखांना कळवले, मुख्याध्यापकांना सांगितले म्हणजे कायद्याचे काम झाले, असे नाही. वरिष्ठांना जरूर कळवा, पण त्यांची परवानगी लागत नाही. न कळवणे हा गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडपला तर त्याला शिक्षा अधिक आहे. प्रत्येक शाळेच्या सूचनावहीच्या पहिल्या पानावर ही एक सूचना कायमची चिकटवलेली असावी.

आणि शिक्षिकेचे, खिचडीवाल्या बाईचे स्वतःचे काय? कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मानधनावरच्या, रोजंदारीच्या, इतकेच काय बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रीलाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसे काम करतात म्हणून जिथे अंतर्गत समिती नाही, तिथल्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची आहे. आठवड्याच्या ढीगभर सूचनांत ही ओळ किती जणींनी वाचली आहे? हात वर करा म्हणत नाही. तुमचे चेहरे मला दिसताहेत.

निरंकाचा आणखी एक प्रकार आहे. रोजच्या तक्त्यात पट आणि हजेरी असते. मुलगे किती, मुली किती. दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की मुलींचा आकडा खाली येतो. धाकट्या भावंडाला सांभाळायला ती आईबरोबर फडावर गेलेली असते, किंवा सातवी-आठवीची असेल तर तिचे लग्न ठरत असते. तक्त्यात 'गैरहजर' एवढाच रकाना आहे, 'का' हा रकाना नाही. १९९२ साली सरकारने दुर्बल घटकांतल्या मुलींसाठी रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. त्या एका रुपयासाठी बाईंनी याद्या आणि सह्यांचे कागद वर्षानुवर्षे सांभाळले. रुपया मोजला गेला. मुलगी कुठे गेली ते विचारायला कागदावर जागा ठेवली गेली नाही.

आता करायचे काय? फोन बंद करून ठेवा, असे मी सांगत नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये प्राथमिक शिक्षकांच्या संघटनांनी आंदोलन केले. मागण्या शिक्षकांच्या पदांविषयी होत्या, पण काळ्या फिती आणि सामूहिक रजा यांच्याबरोबर प्रशासनाच्या व्हॉट्सॲप गटांतून बाहेर पडण्याचा कार्यक्रमही त्यांनी दिला. सूचनेचे हे माध्यम हाही सत्तेचा भाग आहे, हे त्यातून दिसले. पण एकेकटी बाई बाहेर पडली तर दुसऱ्या दिवशी तिलाच कारणे दाखवा नोटीस येईल. म्हणून मिळून करायच्या चार गोष्टी सुचवते.

एक. आठवड्याच्या सूचनांचे एकच लेखी पत्रक मागू या. शनिवारी सकाळच्या शाळेत ते मिळावे, त्यावर तारीख, क्रमांक आणि सही असावी. आपत्तीखेरीज शाळेच्या वेळेबाहेर सूचना नको. ही मागणी प्रत्येक शिक्षक संघटनेच्या महिला आघाडीने आपल्या नावाने करावी, मुख्य मागणीपत्राच्या शेवटी 'इतर' मध्ये टाकू नये.

दोन. शाळेतली विभागणी लिहून ठेवू या. कोणती सूचना कोणी पार पाडली, बैठकीला कोण गेले, सुटीचे किती तास गेले. एक साधी वही पुरे. तीन महिन्यांची वही साहेबांपुढे ठेवली की 'फक्त माहिती भरायची' हे वाक्य टिकणार नाही.

तीन. खालून वर जाणारे स्मरणपत्र सुरू करू या. त्यात पाचच प्रश्न असावेत. सलग तीन दिवस न आलेली मुलगी कोण आणि ती का आली नाही? मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का? खिचडी शिजवणाऱ्या बाईचे मानधन कोणत्या महिन्यापर्यंत मिळाले? तक्रारपेटी या आठवड्यात कोणासमोर उघडली? मागच्या आठवड्यात आम्ही कळवलेल्या गोष्टीचे काय झाले? आणि याला 'निरंक' हे उत्तर चालणार नाही. 'पेटी अमुक दोघींसमोर उघडली, चिठ्ठी नव्हती' असे पूर्ण वाक्य लिहावे लागेल.

चार. हे काम बाहेरच्या मैत्रिणींचे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असायला हव्यात, असे सांगितले आहे. त्या बायका पुष्कळ ठिकाणी सहीपुरत्या आहेत. वस्तीतल्या, गावातल्या आपल्या गटाने त्यांना गाठावे, आठवड्याचे पत्रक त्यांच्याबरोबर मोठ्याने वाचावे, आणि ते पाच प्रश्न समितीच्या सभेत इतिवृत्तावर घ्यायला लावावेत. शिक्षिकेने विचारले तर तिची बदली होऊ शकते. आईने विचारले तर आईची बदली कोण करणार?

शिक्षिका म्हणतात, 'आम्हाला शिकवू द्या.' मागणी रास्त आहे. पण स्त्री-संघटना म्हणून आपण तिला आणखी एक जोड द्यायला हवी. बाईंना शिकवू द्या, आणि जे त्यांना दिसते ते निर्भयपणे लिहूही द्या. येत्या शनिवारी शाळा सुटताना प्रत्येकीने एक कागद घ्यावा, ते पाच प्रश्न लिहावेत, उत्तरे लिहावीत, तारीख घालावी आणि खाली सही करावी. एक प्रत वर पाठवावी, एक आपल्याकडे ठेवावी. पुढच्या शिबिराला येताना ती बरोबर आणा. तिथे आपण ते कागद एकत्र मांडू आणि मग तालुक्याला कोणी कोणी जायचे ते ठरवू.